हेगचा उन्हाळी वर्ग

मराठी माणसाने नेदरलँड्समधल्या हेगचं नाव पहिल्यांदा ऐकलेलं असतं ते बहुधा सावरकरांमुळे. ८ जुलै १९१० ला मार्सेच्या बंदरात त्यांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली, पोहत धक्का गाठला, आणि फ्रेंच पोलिसाने पकडून त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केलं. फ्रान्सने हरकत घेतली, प्रकरण हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला पाच पंचांनी निवाडा दिला: कैदी सोपवण्यात अनियमितपणा झाला हे कबूल, पण तेवढ्यावरून तो परत करायला ब्रिटनला भाग पाडेल असा नियमच आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. चूक मान्य, दाद नाही.

नियम नसणं ही एक अडचण. असलेला नियम प्रत्येक देशाच्या वकिलाने आपापल्या सोयीने वाचणं ही दुसरी. १९०७ च्या दुसऱ्या हेग शांतता परिषदेच्या सुमारास एक कल्पना पुढे आली, ती या दुसऱ्या अडचणीवरची: निरनिराळ्या देशांच्या तरुण कायदेपंडितांना एका छताखाली बसवून शिकवायचं. हेगची आंतरराष्ट्रीय कायद्याची अकादमी ती हीच. डच कायदेपंडित टोबियास आसर यांनी ती लावून धरली. १९११ चं शांतता नोबेल मिळालेले हे गृहस्थ जुलै १९१३ मध्ये वारले.

महिनाभराने, २८ ऑगस्टला, हेगमध्ये लवाद न्यायालयासाठी बांधलेल्या पीस पॅलेसचं उद्घाटन झालं. पैसे अँड्र्यू कार्नेगीचे, १५ लाख डॉलर. सजावट मात्र देशोदेशींच्या आहेरांची: मनोऱ्यातलं घड्याळ स्वित्झर्लंडचं, भिंतींवरचे रेशमी पट जपानचे, बाहेरचं लोखंडी फाटक जर्मनीचं. वर्ष सरायच्या आत त्याच जर्मनीच्या फौजा शेजारच्या बेल्जियममध्ये घुसल्या. १९१४ च्या शरदात सुरू व्हायची अकादमी कागदावरच राहिली. युद्ध होऊ नये म्हणून काढलेली शाळा युद्धानेच अडवावी, याला काय म्हणायचं!

वर्ग अखेर भरले १४ जुलै १९२३ ला, कार्नेगीच्याच शांतता-निधीच्या मदतीने. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा बंद पडले, नंतर परत सुरू झाले.

उन्हाळ्यात तीन आठवडे देशादेशांमधला कायदा आणि तीन आठवडे आंतरराष्ट्रीय खासगी कायदा, ही वाटणी आजही आहे. खासगी म्हणजे, बाप एका देशात, मुलं दुसऱ्या देशात आणि घर तिसऱ्या देशात असेल, तर वारसा कुणाच्या कायद्याने ठरवायचा, असली गुंतागुंत. भाषा दोनच, फ्रेंच आणि इंग्रजी. व्याख्यानं छापून निघतात. त्यांचे ४०० हून जास्त खंड झालेत. डिप्लोमाची परीक्षा ऐच्छिक आहे आणि भलती कठीण. मिळवणारे दर वर्षी बोटांवर मोजावेत इतकेच. माझ्या मते या वर्गाची खरी कमाई डिप्लोमा नव्हे, ते खंड आहेत. हेगला कधी न गेलेला वकीलही त्यांतला उतारा पुढे करून युक्तिवाद करतो.

१७ जुलै २०१९ ला, वर्गांच्याच मोसमात, त्याच पॅलेसमध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्याचा निकाल वाचला. भारताची बाजू नागपूरचे हरीश साळवे यांनी मांडली होती. या वेळी नियम होता: १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६, अटकेतल्या परदेशी माणसाला त्याच्या वकिलातीशी बोलू द्यायचं. पाकिस्तानने ते मोडलं, असं १५ विरुद्ध १ मतांनी ठरलं. भारताने मागितलेली सुटका मात्र न्यायालयाने दिली नाही. शिक्षेचा फेरविचार करा, तोवर फाशी थांबवा, असं सांगितलं.