बेपत्ता विमानाविषयीचे तर्कवितर्क (कोकण किनारा)

बेपत्ता विमानाविषयीचे तर्कवितर्क : खराब हवेत प्रवासी विमानाचा संपर्क तुटल्यापासून अवशेष हाती लागेपर्यंत, आणि पुष्कळदा त्यानंतरही, लोकांत चालणारी कारणमीमांसा. कोकणपट्टीत ती प्रामुख्याने मोसमी पावसाच्या दिवसांतली. नोंदी मिळतात त्या बहुतांशी मुंबई-साष्टी परिसराच्या.

या प्रकाराचे मूळ दोन तऱ्हांनी सांगता येते. तो वृत्तपत्रांबरोबर आला, किंवा आगबोटींच्या काळापासून चालत आला. दुसऱ्या बाजूचे पारडे जड वाटते. ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना काश्याच्या खडकाजवळ उलटली. बळींचा आकडा निरनिराळा दिला जातो; सहाशेहून अधिक, एवढे मात्र बहुतेकांना मान्य आहे. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. शहराला खबर लागली ती पोहत सुटलेल्यांकडून, काही तासांनी. दिवस आषाढी अमावास्येचा, म्हणून ‘अवसेला बोट सोडलीच कशाला’ हा सवाल पुढे कायमचा चिकटला. लाटेने बोट कलली आणि उतारू एका बाजूला धावले, हा खुलासा त्यापुढे फिका पडला. खबर आणि खुलासा यांच्या मधल्या वेळात अंदाज बांधण्याची सवय अशी विमानांच्या आधीच रुळलेली दिसते.

विमानांच्या तीन घटना महत्त्वाच्या असून तिन्ही जुलैतल्या आहेत. १२ जुलै १९४९ रोजी डच कंपनीचे ‘फ्रानेकर’ हे विमान मुसळधार पावसात घाटकोपरच्या डोंगरावर आदळले. ४५ जण दगावले. त्यांत इंडोनेशियाहून परतणारे अमेरिकन पत्रकार असल्याने घातपाताचा संशय निघाला. ढगात बुडालेला डोंगर आणि उतरू पाहणारे विमान एवढे असताना घातपाताची गरज उरत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ७ जुलै १९६२ रोजी (ग्रीनिच वेळेनुसार ६ जुलै) अलिटालियाचे विमान मुंबईकडे उतरताना जुन्नरच्या डोंगरात कोसळले, ९४ मृत्यू. जागा घाटमाथ्यापलीकडची, पण उतरणे कोकणातच होते, म्हणून तिची गणना येथे केली आहे. २८ जुलै १९६३ रोजी युनायटेड अरब एअरलाइन्सचे कॉमेट विमान वादळी पावसात मढ बेटासमोर समुद्रात पडले. त्यातील ६३ जणांत फिलिपिन्सच्या बालवीरांची तुकडी होती.

तर्कांना एवढे रान मोकळे का मिळते, याचे उत्तर ऋतुमानात आहे. जून-जुलैत होड्या ओढून शाकारलेल्या असतात. यांत्रिक मासेमारीला आता १ जून ते ३१ जुलै कायद्यानेच बंदी आहे, पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाण्याचा रिवाज होता. म्हणजे विमान पडण्याची भीती ज्या दिवसांत सर्वांत जास्त, त्याच दिवसांत पाण्यावर पाहणारा कोणी नसतो. उरतात ते ऐकणारे. पागोळ्यांच्या आवाजातून आलेली घरघर वरच्या आळीला डोंगराकडची वाटते, खालच्या आळीला खाडीकडची, आणि दोघेही शपथेवर सांगतात. त्यात पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि पश्चिमेचा वारा तरंगती वस्तू काठाकडे रेटतो. त्यामुळे एखादी वस्तू पडल्या जागेपासून पुष्कळ दक्षिणेला लागू शकते. ती ज्या पुळणीवर लागते त्या गावाच्या मते विमान त्यांच्याच समोर पडलेले असते.

हरवलेल्या माणसाविषयी ग्रामदेवतेला कौल लावण्याची तळकोकणातील रीत याच्या शेजारी ठेवून पाहावी. गुरव पाण्याने भिजवलेल्या कळ्या किंवा तांदूळ देवाच्या अंगावर चिकटवतो. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. प्रश्न असतो माणूस आहे की नाही एवढाच. विमान का पडले, हे देवाला विचारायचे नसते. ती चर्चा पारावरची.

हवा चांगली असली तरी तर्क थांबत नाहीत. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले, २१३ मृत्यू. लोक घातपात म्हणत होते. तपासात विमानाचा कल दाखवणाऱ्या यंत्राचा बिघाड आणि वैमानिकाची त्यावरची प्रतिक्रिया पुढे आली. याउलट २८ डिसेंबर २०१४ रोजी जावा समुद्रावर बेपत्ता झालेल्या एअर एशियाच्या विमानाबाबत सगळा रोख हवेवर होता, आणि अहवालात सुकाणूच्या नियंत्रक यंत्रणेतील तडकलेला डाख (तारांचा वितळजोड) व वैमानिकांची हाताळणी ही कारणे निघाली.

सिंधुदुर्गात चिपी विमानतळावरून प्रवासी वाहतूक ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाली. तेथे हा विषय अजून बोटी आणि मचव्यांपुरताच आहे.