वाऱ्यातला वेग आणि वाळूवरचा वेग

फोमबोर्डचे (दोन्ही बाजूंना कागद लावलेल्या फोमच्या पाट्याचे) रेडिओ-नियंत्रित लढाऊ विमान गुहागर, कर्दे किंवा आंजर्ल्यासारख्या मोकळ्या किनाऱ्यावर उडवताना दोन वेगांची गल्लत होते. विमान सभोवतालच्या हवेतून किती वेगाने जात आहे हा एक वेग, आणि वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला ते किती वेगाने जाताना दिसते हा दुसरा. पहिल्याला आपण हवावेग म्हणू आणि दुसऱ्याला भूवेग. वारा नसताना दोन्ही सारखेच असतात, म्हणून मैदानावर शांत हवेत शिकलेल्याला त्यांतला फरक जाणवत नाही. कोकणात मात्र दुपारी वारा नाही असे क्वचितच घडते. किनाऱ्यावर मोडणाऱ्या विमानांपैकी पुष्कळशी मोटर, सर्व्हो (विमानाच्या नियंत्रण-पट्ट्या हलवणारी छोटी मोटर) किंवा रेडिओच्या बिघाडामुळे नव्हे, तर या गल्लतीमुळे मोडतात असे माझे ठाम मत आहे.

दाभोळहून धोपाव्याला जाणारी जंगलजेटी, म्हणजे खाडीपार वाहने नेणारी फेरीबोट, ओहोटीच्या वेळी पाहिली, तर हा फरक डोळ्यांना दिसतो. पाणी समुद्राकडे ओढत असते, म्हणून जेटीचे नाक खाडीच्या आतल्या बाजूला वळवून धरावे लागते; इंजिन पाण्यातून तिला एका दिशेने ढकलते, आणि काठावरून पाहणाऱ्याला ती वेगळ्याच दिशेने व वेगळ्याच गतीने सरकताना दिसते. सुकाणूला फक्त त्याच्याजवळून वाहणारे पाणी कळते, काठ कळत नाही. विमानाच्या पंखांनाही तसेच फक्त त्यांच्यावरून वाहणारी हवा कळते.

आता आकडे घेऊ. पंखांचा विस्तार १ मीटर आणि पंखाची सरासरी रुंदी २० सेंटीमीटर असलेले एखादे स्पिटफायर किंवा मस्टँग (दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमाने) फोमबोर्डमध्ये बांधले, तर पंखाचे क्षेत्रफळ सुमारे ०.२० चौरस मीटर भरते. बॅटरीसह वजन ७०० ग्रॅम असेल आणि पंखाचा उत्थापन-गुणांक (पंख किती उत्थापन, म्हणजे उचल, देऊ शकतो हे सांगणारा आकडा) जास्तीत जास्त १ च्या आसपास धरला, तर हे विमान सरळ उड्डाणात सेकंदाला साधारण ७.६ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर, इतक्या हवावेगाखाली तग धरू शकत नाही. त्याखाली पंखावरची हवा पृष्ठभाग सोडते, उत्थापन कोसळते आणि विमान स्टॉल होते. उत्थापन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हवावेग निम्मा झाला, तर त्याच कोनात उत्थापन चौथ्या हिश्श्यावर येते. या हिशोबात भूवेग कुठेही येत नाही.

हेच विमान सेकंदाला १२ मीटर हवावेगाने आरामात उडत आहे आणि समुद्रावरून सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर, वारा येत आहे असे समजा. समुद्राकडे तोंड करून जाताना विमान वाळूवरून सेकंदाला ७ मीटर सरकते, तर वळून जमिनीकडे येताना सेकंदाला १७ मीटर. उडवणाऱ्याच्या डोळ्यांना विमान अचानक अडीचपट वेगवान झालेले दिसते. आपला हात डोळ्यांच्या आज्ञेत असतो, म्हणून तो थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, कमी करतो आणि विमान पुन्हा ओळखीच्या गतीने, सेकंदाला १२ मीटरने, सरकू लागले की त्याला हायसे वाटते. त्या क्षणी हवावेग किती उरलेला असतो? १२ मधून ५ गेले, ७. स्टॉलचा वेग ७.६ होता. विमान वेगात दिसत असतानाच, कोणतीही पूर्वसूचना न देता, एक पंख खाली टाकून गिरकी घेत खाली येते, आणि पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतो की सिग्नल गेला.

वळण घेताना स्थिती याहून नाजूक असते. ४५ अंशांच्या तिरक्या वळणात स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे आपल्या विमानासाठी ७.६ चा ९ होतो. ६० अंशांच्या वळणात तो १.४ पट, जवळजवळ १०.७ होतो. शिवाय वळण आठ सेकंद चालले, तर सेकंदाला ५ मीटरचा वारा तेवढ्या वेळात विमानाला ४० मीटर जमिनीकडे वाहून नेतो. किनाऱ्यामागे सुरूचे बन असते. विमान बनाकडे जात आहे हे दिसताच उडवणारा वळण आणखी आवळतो, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) आणखी ओढतो आणि स्टॉलचा वेग स्वतःच्या हाताने वर चढवतो. वळण मोठे आणि सैल घ्यावे, ते समुद्राच्या बाजूला लवकर सुरू करावे आणि वाहून जाण्यासाठी तेवढी जागा आधीच सोडून ठेवावी, हा यावरचा खरा उपाय आहे.

इथे एका पक्क्या गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. वाऱ्याकडे पाठ केली की विमानाची उचल जाते, असे पुष्कळ अनुभवी लोकही सांगतात. वारा एकसारखा वाहत असेल, तर हे खरे नाही. विमान हवेच्या ज्या प्रचंड थरात उडत असते तो संपूर्ण थरच सरकत असतो, आणि त्याच्या आत विमानाने कोणत्याही दिशेला तोंड केले तरी हवावेग बदलत नाही. उचल जाते ती उडवणाऱ्याने थ्रॉटल कमी केल्यामुळे. मात्र वारा एकसारखा नसेल, तर या विधानाला काही प्रमाणात आधार मिळतो. जमिनीलगत वारा मंद असतो आणि उंचीबरोबर वाढतो. हाताने सोडलेले विमान लगेच वाऱ्याकडे पाठ करून वर चढवले, तर ते मागून येणाऱ्या अधिकाधिक जोरदार वाऱ्यात शिरते आणि त्याचा हवावेग खरोखरच घटतो. उतरताना याच्या उलट घडते. समजा, वर वारा सेकंदाला ७ मीटर आहे आणि वाळूलगत ४. वाऱ्याला सामोरे राहून सेकंदाला १० मीटर हवावेगाने झरकन खाली आलेल्या विमानाचा हवावेग ७ च्या जवळ येतो आणि ते शेवटच्या दोन मीटरांत आपटते. म्हणून वारा असताना उतरण्याचा हवावेग शांत दिवसापेक्षा जास्तच ठेवावा लागतो, जरी डोळ्यांना विमान जवळजवळ थांबलेले दिसत असले तरी.

कोकणातल्या वाऱ्यांचा दिनक्रम समजून घेतला, तर हे सगळे अधिक उपयोगी पडते. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो. सूर्य वर आला की तो मंदावतो, साधारण दहा-अकराच्या सुमारास काही वेळ हवा पडते, आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होऊन दुपारी जोर धरतो. पहाटेचा वारा मंद असल्यामुळे तो सोपा समजला जातो, पण तो सुरूच्या झाडांवरून आणि माडांवरून येतो, आणि झाडांच्या आडोशाच्या बाजूला हवेत भोवरे तयार होतात. वाळूचा पट्टा नेमका त्याच आडोशात असतो. दुपारचा खारा वारा जोरदार असला, तरी उघड्या पाण्यावरून आल्यामुळे तो बराच सलग असतो. लढाऊ विमानासारख्या तुलनेने जड मॉडेलसाठी मी दुपारचा मध्यम खारा वारा पसंत करतो. हलक्या ग्लायडरसाठी निवड कदाचित वेगळी असेल. वाऱ्याचा अंदाज घेण्यासाठी नांगरलेल्या होड्यांची निशाणे उत्तम, कारण वाळूवर हवा पडलेली वाटत असताना ती पाण्यावरचा वारा दाखवतात.

ही गल्लत लढाऊ विमानांना इतकी का भोवते, याचे उत्तर बांधणीत आहे. शिकाऊ विमानाचा पंख वर, रुंद आणि सर्वत्र सारख्या रुंदीचा असतो, तर लढाऊ विमानाचा पंख बहुधा खाली आणि टोकाकडे निमुळता असतो. निमुळत्या पंखाची टोके आधी स्टॉल होण्याकडे झुकतात, आणि तसे झाले की विमान नाक खाली घालण्याऐवजी बाजूला कोसळते. मूळ स्पिटफायरने ५ मार्च १९३६ रोजी पहिले उड्डाण केले, तेव्हापासून त्याच्या लंबवर्तुळाकार पंखाचे कौतुक होत आले आहे. पण टोके आधी स्टॉल होऊ नयेत म्हणून त्या पंखाला पीळही दिलेला होता, मुळाशी अधिक २ अंश आणि टोकाला उणे अर्धा अंश. हा पीळ डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून मॉडेल बांधणारे तो वगळतात. फोमबोर्डच्या घडीच्या पंखात हॉट ग्लू थंड होण्याआधी टोकाची मागची कड दोन अंशांइतकी वर धरून ठेवली, तर तो येतो. दोन्ही बाजूंना पीळ समान असला पाहिजे. तो असमान असेल, तर तो नसण्यापेक्षा वाईट.

दुसरी गोष्ट वजनाची. आपले ७०० ग्रॅमचे विमान रंग, जास्तीची बॅटरी आणि सढळ हाताने ओतलेल्या ग्लूमुळे ९०० ग्रॅमचे झाले, तर स्टॉलचा वेग ७.६ वरून ८.६ होतो. ही वाढ लहान वाटते, पण वर मांडलेल्या हिशोबात सगळा खेळ एका-दीड मीटरचाच होता. किनाऱ्यावरच्या दमट हवेत फोमबोर्डचा कागद ओलावा धरतो, फुगतो आणि फोमपासून सुटू लागतो. त्यामुळे वजन वाढते, आणि काळजीने दिलेला पीळही हळूहळू बदलतो. कापलेल्या कडा टेपने बंद करणे आणि कागदावर वॉर्निशचा पातळ हात देणे इथे आवश्यकच आहे. गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढून २५ ते ३० टक्क्यांवर ठेवावा. शेपूट जड झालेले विमान कमी हवावेगात एलेव्हेटरला गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देते, आणि मग वर सांगितलेला ओढाळ हात अधिकच घातक ठरतो.

भूवेगाला काहीच महत्त्व नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. जमिनीशी संबंध येतो तिथे तोच मोजावा लागतो. सेकंदाला ९ मीटर हवावेगाने उतरणारे विमान ५ मीटरच्या वाऱ्याला सामोरे असेल, तर वाळूला ४ मीटर वेगाने टेकते. वाऱ्याकडे पाठ असेल, तर १४ मीटर वेगाने. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे दुसऱ्या प्रकारात ती बारापट होते, आणि फोमबोर्डचे नाक ती सोसू शकत नाही. हाताने सोडतानाही हेच. धावत जाऊन दिलेला वेग सेकंदाला ६ मीटर असेल, तर वाऱ्याकडे तोंड करून सोडलेल्या विमानाला ११ मीटर हवावेग लगेच मिळतो, आणि पाठ करून सोडलेल्याला फक्त १. विमानवाहू जहाजे विमाने सोडण्याआधी वाऱ्याकडे वळून वेग घेतात त्यामागे हाच हिशोब आहे. १९७१ मध्ये आपल्या जुन्या विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते आणि जहाजाचा वेग मर्यादित ठेवावा लागत होता. तेव्हा अलिझे विमानांना डेकवर पुरेसा वारा मिळेल का, ही खरी चिंता होती, कारण जहाज जेवढे हळू तेवढा वारा कमी, आणि डेकची लांबी तर वाढवता येत नाही.

बॅटरीचा हिशोबही भूवेगाचाच. खाऱ्या वाऱ्यात समुद्राच्या बाजूला उडवणे धोक्याचे वाटते, पण मोटर बंद पडली तर वारा विमानाला किनाऱ्याकडे आणतो. उलट बनापलीकडे गेलेल्या विमानाला परतताना तोच वारा अडवतो, आणि जायला लागलेल्या चार्जच्या अडीचपट चार्ज यायला लागू शकतो.

मोजण्याच्या साधनांतही हे दोन वेग वेगळे आहेत, आणि इथे सुशिक्षित माणूसही फसतो. जीपीएस फक्त भूवेग सांगतो. त्याचा आकडा पाहून थ्रॉटल ठरवणे म्हणजे डोळ्यांची चूक यंत्राकडून मंजूर करून घेणे होय. हवावेग कळण्यासाठी पिटो नळी, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजणारी नळी, लागते, जिचे तत्त्व हेन्री पिटो यांनी १७३२ मध्ये सीन नदीच्या प्रवाहात वापरले होते. सेकंदाला १० मीटर वेगाला तिच्यात निर्माण होणारा दाब केवळ ६० पास्कल, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. वाळूचा एक कण किंवा मिठाचा थर नळीच्या तोंडाशी बसला की आकडा बिघडतो. म्हणून मॉडेलच्या आकारात मी तिच्यावर पूर्ण विसंबणार नाही. थ्रॉटलची जागा, नाकाचा कोन आणि एलेव्हेटर किती ओढून धरावा लागतो, या तीन खुणा अधिक विश्वासाच्या आहेत. एकाच उंचीवर सरळ उडताना नाक वर आणि एलेव्हेटर मागे असेल, तर विमान डोळ्यांना कितीही वेगात दिसो, त्याचा हवावेग कमी आहे.

आपल्या विमानाच्या या खुणा ओळखण्याची एक पद्धत आहे. सलग खाऱ्या वाऱ्यात विमान पुरेशा उंचीवर न्यावे, समुद्राकडे तोंड करून उंची न सोडता थ्रॉटल अगदी हळूहळू कमी करत जावे, आणि नाक पडते तेव्हा थ्रॉटलची कांडी कुठे आहे हे लक्षात ठेवावे. मग वळून, वाऱ्याकडे पाठ करून, तेवढ्याच उंचीवर तेच पुन्हा करावे. पहिल्या वेळी विमान आकाशात जवळजवळ उभे असते आणि दुसऱ्या वेळी ते किनाऱ्याकडे झेपावत असते, पण दोन्ही वेळी नाक पडते तेव्हा थ्रॉटलची कांडी साधारण त्याच जागी असते.