२६ जुलैचा पूर नुसत्या पिशव्यांनी आणला नव्हता

२००५ च्या पुराचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘प्लास्टिकच्या पिशव्यांनी गटारं तुंबली, म्हणून मुंबई बुडाली.’ पिशव्या होत्याच. पण सगळं खापर त्यांच्यावर फोडणं सोयीचं आहे, खरं नाही. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. जुन्या पर्जन्यवाहिन्यांची क्षमता तासाला २५ मिमीची, तीही ओहोटी असेल तर. आणि विहार-पवई तलावांचं पाणी माहीमच्या खाडीत नेणारी मिठी नदी? विमानतळासाठी तिला वळवलं, काठावर कारखाने-वस्त्या बसल्या, मुखाजवळच्या खाजणावर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. (तिला आपण ‘नाला’च म्हणायचो!) पाण्याला पसरायची जागा उरली नाही, ते कुर्ला-कलिन्यातल्या घरांत शिरलं.