शिडाची होडी वाऱ्यामागे धावते, हा गैरसमज

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीविषयी एक समज वर्षानुवर्षे सांगितला जातो: वारा ढकलेल तिकडे होडी जाते, वारा पाठीशी असला की ती सर्वांत वेगाने पळते, म्हणून ज्याला वारा लाभला तो जिंकला. हे खरे नाही.

वारा थेट पाठीमागून असला, तर होडी वेग घेईल तसतसा शिडाला जाणवणारा वारा कमी होतो, त्यामुळे केवळ ढकलली जाणारी होडी वाऱ्यापेक्षा वेगवान होऊच शकत नाही. वारा बाजूने आला की मात्र शीड विमानाच्या पंखासारखे काम करते. त्याच्या वळणावरून वाहणारा वारा होडीला बहुतांशी आडवा ओढतो, ती आडवी ओढ पाण्याखालची उभी फळी रोखून धरते आणि उरलेले बल होडीला पुढे नेते. वाऱ्याच्या अगदी समोर जाता येत नाही, हे मान्य. पण साधारण 45 अंश तिरपे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे नागमोडी वळत ती वारा जिकडून येतो त्याच दिशेने पुढे सरकते. शर्यतीचा खरा थरार मला इथेच वाटतो, कारण वळायचे केव्हा आणि प्रतिस्पर्ध्याचा वारा अडवायचा कसा, हे क्षणोक्षणी ठरवावे लागते.

2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झालेल्या अमेरिका कप या शिडाच्या नौकांच्या स्पर्धेत 1-8 असा मागे पडलेला ओरॅकल संघ सलग आठ शर्यती जिंकून 9-8 ने विजयी झाला, त्यात वाऱ्याविरुद्धच्या टप्प्यातील सुधारलेल्या वेगाचा मोठा वाटा होता. पाण्याखालच्या पंखांच्या आधारे पाण्याच्या वर उचलल्या जाणाऱ्या या स्पर्धेतील आजच्या एसी75 नौकांनी तर 50 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 93 किलोमीटरचा वेग ओलांडला आहे, आणि तोही त्याच्या निम्म्याहून मंद वाऱ्यात.