काकोयानिस यांची युरिपिडीझ-चित्रत्रयी

ग्रीक-सायप्रसी दिग्दर्शक मायकेल काकोयानिस यांनी प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीझच्या शोकात्मिकांवर केलेले तीन चित्रपट : ‘इलेक्ट्रा’ (१९६२), ‘द ट्रोजन विमेन’ (१९७१) आणि ‘इफिजेनिया’ (१९७७). तिन्हींचे संगीत मिकिस थिओडोराकिस यांचे असून तिन्हींत आयरीन पापास ही अभिनेत्री प्रमुख भूमिकेत आहे. ग्रीक पुराणकथा पडद्यावर आणताना कोणती भूमिका कोणाला द्यावी, हा प्रश्न या त्रयीइतक्या विचारपूर्वक क्वचितच कोणी हाताळला असेल.

तिन्ही कथा ट्रॉयच्या युद्धाभोवतीच्या आहेत. ऑलिस बंदरात वारा पडल्यामुळे ग्रीकांचे आरमार अडकते आणि आर्टेमिस देवीला शांत करण्यासाठी सेनापती अ‍ॅगमेम्नॉन आपली मुलगी इफिजेनिया हिचा बळी देतो. दहा वर्षांनी ट्रॉय पडते, तिथल्या स्त्रिया दासी म्हणून वाटल्या जातात. विजयी अ‍ॅगमेम्नॉन घरी परततो तेव्हा पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा आणि तिचा प्रियकर ईजिस्थस त्याला ठार करतात. पुढे इलेक्ट्रा आणि ओरेस्टीस ही मुले आईचा जीव घेतात. काकोयानिस यांनी मात्र चित्रपट उलट्या क्रमाने केले. आधी शेवटचा सूड, मग युद्धाचा अंत आणि सर्वांत शेवटी ज्या बळीतून हे सारे उद्भवले तो बळी.

‘इलेक्ट्रा’ कृष्णधवल आहे. वॉल्टर लॅसली यांच्या छायाचित्रणात अ‍ॅगमेम्नॉनची राजधानी मायसीनी इथले उघडे डोंगर आणि दगडी तटबंदी यांना पात्रांइतकेच वजन आहे. मूळ नाटक एका गरीब शेतकऱ्याच्या झोपडीपाशी सुरू होते, कारण राजकन्येच्या पोटी सूड घेणारा उच्चकुलीन मुलगा जन्मू नये म्हणून तिचे लग्न त्याच्याशी लावून दिलेले असते. चित्रपट त्याही मागे जातो आणि अ‍ॅगमेम्नॉनचा खून दाखवतो, तोही जवळजवळ शब्दांवाचून. नाटकातला वृंद (घटनांवर सामूहिक भाष्य करणारा गायक-नर्तकांचा समूह) इथे काळ्या ओढण्या घेतलेल्या खेडवळ बायकांचा होतो. रंगभूमीवरचा हा सर्वांत कृत्रिम वाटणारा घटक पडद्यावर इतक्या सहज सामावलेला दुसरीकडे फारसा दिसत नाही. पापास हिचा जन्म कॉरिंथजवळच्या खिलिओमोदी गावचा, म्हणजे मायसीनीपासून फार दूर नाही. रुंद कपाळ, दाट भुवया आणि कमीत कमी हालचाल यांच्या बळावर तिने कातरलेल्या केसांची, चिंध्या पांघरलेली इलेक्ट्रा उभी केली. आदल्याच वर्षी ती दुसरा प्राचीन ग्रीक नाटककार सॉफोक्लीझ याच्या नाटकावरील चित्रपटात अँटिगनी झाली होती. १९६२ च्या कान महोत्सवात ‘इलेक्ट्रा’ला उत्कृष्ट चित्ररूपांतराचे पारितोषिक मिळाले आणि परभाषी चित्रपटांच्या ऑस्कर नामांकनांतही त्याचा समावेश झाला.

१९६७ मध्ये ग्रीसमध्ये लष्करी राजवट आली. काकोयानिस आणि पापास दोघांनाही देशाबाहेर राहावे लागले. थिओडोराकिस यांच्या संगीतावर तर बंदीच घातली गेली. त्यामुळे ‘द ट्रोजन विमेन’ इंग्रजीत झाला आणि त्याचे चित्रीकरण स्पेनमधल्या अतिएन्सा इथे करावे लागले. इथली पात्रनिवड तारांकित आहे : कॅथरीन हेपबर्न हेक्युबा (ट्रॉयची राणी), व्हनेसा रेडग्रेव्ह अँड्रोमकी (तिची सून), जेनेव्हिएव्ह ब्युजोल्ड कॅसँड्रा (तिची मुलगी). नामवंत नट्या चार वेगवेगळ्या घडणीचे इंग्रजी बोलतात आणि चित्रपटाची वीण काही ठिकाणी उसवते, हे मान्य करायला हवे. पण जिच्यापायी युद्ध पेटले त्या हेलनच्या भूमिकेसाठी पापास हिची निवड हा त्रयीतला सर्वांत धाडसी निर्णय आहे. हॉलिवूडच्या हेलन बहुधा सोनेरी केसांच्या असतात. १९५६ च्या ‘हेलन ऑफ ट्रॉय’मधली रोझाना पोदेस्ता आणि २००४ च्या ‘ट्रॉय’मधली डायॅन क्रूगर ही त्याची ठळक उदाहरणे. काकोयानिस यांची हेलन काळ्या केसांची आहे. फळ्यांच्या फटींतून आधी तिचे फक्त डोळे दिसतात. बाहेर स्त्रिया तहानेने कासावीस झालेल्या असताना ती मिळालेल्या पाण्याने अंग धुते. ती सुंदर आहे की नाही, याचा विचार प्रेक्षक करतच नाही. तिच्यापुढे तिला मारायला निघालेला नवरा मेनेलेअस याचा निर्धार का टिकत नाही, ते मात्र लख्ख कळते. या भूमिकेसाठी पापास हिला अमेरिकेच्या नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूचा त्या वर्षीचा उत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान मिळाला.

राजवट १९७४ मध्ये कोसळली आणि ‘इफिजेनिया’ पुन्हा ग्रीसमध्ये, ग्रीक भाषेत झाला. रंगमंचावर इफिजेनिया अनेकदा प्रौढ अभिनेत्री करतात. काकोयानिस यांनी तातियाना पापामोस्खू ही खरोखर कोवळ्या वयाची मुलगी निवडली. त्यामुळे ‘देशासाठी मरण’ हे शब्द तिच्या तोंडी येतात तेव्हा त्यांतले शौर्य आणि त्यांमागची फसवणूक एकाच वेळी ऐकू येते. अ‍ॅगमेम्नॉन आहे कोस्तास काझाकोस : दुष्ट नव्हे, स्वतःच्याच सैन्याला घाबरलेला.

आणि क्लायटेम्नेस्ट्रा आहे पापास. पंधरा वर्षांपूर्वी जी मुलगी म्हणून या आईच्या जिवावर उठली होती, तीच आता आई होऊन पोटच्या पोरीसाठी नवऱ्यापुढे पदर पसरते आणि मग त्याच्याकडे पाहण्याची तिची नजरच पालटते. ‘इलेक्ट्रा’मध्ये क्लायटेम्नेस्ट्राने (तिथे अलेका कात्सेली) आपली बाजू मांडली होती, तेव्हा ती सबब वाटली होती. इथे ती बाजू आपण डोळ्यांनी पाहतो. दोन पिढ्यांचे वैर एकाच चेहऱ्यावर आणल्यामुळे दोघींपैकी कोणा एकीला दोष देऊन मोकळे होणे अशक्य होते. युरिपिडीझला अभिप्रेत असलेली न्यायाची गुंतागुंत मला या निवडीत जितकी स्पष्ट दिसते, तितकी कुठल्याही संवादात दिसत नाही.

काकोयानिस यांनी देवांनाही वगळले. ‘इलेक्ट्रा’च्या शेवटी नाटकात अवतरणारे कॅस्टर आणि पॉलिडूकीस हे जुळे देव चित्रपटात येत नाहीत. इफिजेनिया बळीच्या क्षणी अदृश्य होऊन तिच्या जागी हरिणी आली, ही नाटकाच्या उपलब्ध संहितेतली वार्ताही गाळलेली आहे. तो भाग मागाहून जोडलेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. देव नसल्यामुळे सगळी जबाबदारी माणसांवर येते, आणि म्हणूनच इथे देहयष्टीपेक्षा चेहऱ्याला महत्त्व आहे. याच काळात इटलीत ‘मिस्टर युनिव्हर्स’ स्टीव्ह रीव्ह्जला हर्क्युलीझ करून दंडांच्या जोरावर चालणारे पौराणिक चित्रपट धडाक्याने निघत होते. काकोयानिस यांच्याशी नाते सांगता येईल ते इटालियन दिग्दर्शक पासोलिनीच्या ‘मेडिआ’चे (१९६९). त्यात ऑपेरातली मेडिआ गाजवलेल्या मारिया कॅलासला एकही सूर न लावता उभे केले आहे आणि जेसन म्हणून घेतला आहे जुझेप्पे जेंतिले, मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडीत कांस्यपदक मिळवणारा खेळाडू.

‘इफिजेनिया’नंतर काकोयानिस यांनी शोकात्मिकेवर आणखी चित्रपट केला नाही. ते २०११ मध्ये अथेन्समध्ये वारले. पापास २०२२ मध्ये. ही त्रयी पाहताना कथाक्रम न धरता निर्मितीक्रमच धरावा : इलेक्ट्राचा संताप आधी पूर्ण पटला असेल, तरच तिच्या आईची बाजू पुढे खरा धक्का देते.