मराठी संकेतस्थळांचा चेहरा असा का घडला?

मराठी संकेतस्थळे पाहताना एक गोष्ट मला कायम खटकते. वरचे बोधचिन्ह बहुतेकदा सुरेख असते. कुणीतरी ते हाताने रेखाटलेले असते, वेलांटीचा बाक जपलेला असतो, शिरोरेघ कुठे तोडायची याचाही विचार झालेला असतो. त्याच्या खालचा मजकूर मात्र दाटीवाटीने बसवलेला, उकार कापले गेलेले, जोडाक्षरे विस्कटलेली. वाचक बोधचिन्हाकडे क्षणभर पाहतो आणि मजकुरात अर्धा तास घालवतो, तरी सगळी मेहनत वरच्या पट्टीवर खर्च होते. यामागे केवळ हलगर्जीपणा नाही. देवनागरी पडद्यावर ज्या वाटेने आली, तिचे हे वळ आहेत.

छापखान्यात हा प्रश्न धातूचा होता. देवनागरीच्या जुळणीला शेकडो खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, लागत. अर्धी अक्षरे वेगळी, जोडाक्षरे वेगळी, मात्रा-वेलांट्यांचे तुकडे वेगळे. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने 19व्या शतकात हा डोलारा सांभाळला. राणूजी रावजी आरू यांनी कोरलेल्या वळणांवर पुढे कित्येक पिढ्यांचे डोळे घडले. खिळे महाग होते आणि जुळारी कसलेला लागे, पण अक्षराचा आकार आणि त्याची जागा यांवर छापखान्याचा पूर्ण ताबा असे.

संगणक आला आणि हा ताबा गेला. त्या काळच्या फॉन्टमध्ये एकूण 256 जागा, त्याही मुळात इंग्रजीसाठी आखलेल्या. डीटीपीसाठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्यावर तोडगा काढला. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवायचा: इथे काना, तिथे अर्धा त, पलीकडे रफार. कागदावर छापून घेण्यापुरते हे उत्तम चालले. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांच्यावर हजारो पत्रिका, दिवाळी अंक आणि पुस्तके निघाली. पण प्रत्येकाची मांडणी वेगळी होती. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असे लिहा आणि ती फाइल हा फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडा. पडद्यावर ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे उभी राहतात. संगणकाच्या लेखी तिथे मराठी कधी नव्हतीच. होते ते मराठीचे चित्र.

हीच पद्धत जशीच्या तशी इंटरनेटवर गेली. सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांवर ‘आधी हा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना ठळकपणे असे. शिवाजी आणि शुषा या फॉन्टची नावे परदेशातल्या मराठी मंडळींना तोंडपाठ होती ती त्यामुळेच. 1997 मध्ये नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोन्ही ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्यांनी पानाबरोबर फॉन्टही पाठवण्याची सोय दिली. तिला डायनॅमिक फॉन्ट म्हणत. दोघांचे तंत्र एकमेकांशी जुळणारे नव्हते, तरी आपल्याकडच्या दैनिकांना ते वरदान वाटले. पुढे नेटस्केपने 2000 साली सहावी आवृत्ती काढली आणि त्यात ती सोय उरली नाही. 2004 मध्ये फायरफॉक्स आला, तेव्हा त्यात कित्येक भारतीय भाषांतली वृत्तपत्रे निव्वळ गिचमीड दिसत. ती वाचता यावीत म्हणून ‘पद्म’ नावाची जोडणी निघाली. ती पानावरचा जुन्या फॉन्टमधला मजकूर तिथल्या तिथे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, बदलून दाखवी. वाचकाने कोणता ब्राउझर वापरायचा हे त्या काळात एका फॉन्टच्या फाइलीवरून ठरत होते. भाषेच्या दृष्टीने हा मोठा तोटा होता, कारण त्या काळातला ढीगभर मजकूर शोधयंत्रांना कधी कळलाच नाही.

खरे तर उत्तर केव्हाच तयार होते. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक होते, आणि 1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तीच मुळी देवनागरी घेऊन, इस्कीच्याच आराखड्यावर. त्यात अक्षराला क्रमांक मिळतो, आकाराला नाही. ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते. वेलांटी डावीकडे नेऊन बसवणे हे संगणकाचे काम. ते काम येणारी प्रणाली सामान्य माणसाच्या हाती पडायला 2000 साल उजाडले. विंडोज 2000 मध्ये देवनागरीची सोय आली आणि तिच्यासोबत ‘मंगल’ हा फॉन्ट.

मंगल रेखाटला र. कृ. जोशी यांनी. जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेला हा सुलेखनकार पुढे पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवत होता. बोरू हाती धरून घडलेल्या माणसाने ठिपक्याठिपक्यांच्या पडद्यासाठी अक्षर काढले, याचे मोल आपण फार कमी केले. मंगल रुक्ष आहे अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. पण कमी ठिपक्यांच्या पडद्यावर, बारीक आकारात, जोडाक्षर ओळखू येणे ही त्याची पहिली जबाबदारी होती आणि ती त्याने पार पाडली. वर्षानुवर्षे बहुतेक संगणकांवर दुसरा पर्यायच नव्हता. त्यामुळे मोठ्या मथळ्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत मंगल पसरला, हा त्या फॉन्टचा दोष नव्हे.

विंडोज एक्सपीच्या काळात तर नियंत्रण कक्षात शिरून गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय हाताने चालू करावी लागे, आणि त्यासाठी विंडोजची सीडी शोधावी लागे. तसे केले नाही तर वेलांटी अक्षराच्या मागेच राही आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी असत.

मराठीच्या खास गरजा त्याहून उशिरा भागल्या. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली 2008 मध्ये, पाचव्या आवृत्तीच्या पहिल्या सुधारणेत. लगेच पुढच्या वर्षी, 6 नोव्हेंबर 2009 रोजी, महाराष्ट्र शासनाने वर्णमालेचा निर्णय काढला आणि ‘ॲ’, ‘ऑ’ यांना त्यात स्थान दिले. डोंगरातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ यांतला फरकही असाच नाजूक आहे. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो. एका रीतीत मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असते. एखाद्या प्रणालीने ते गाळले की दऱ्यांचा दर्या होतो.

रुपयाच्या चिन्हाची हकिकत इथे सांगितलीच पाहिजे. डी. उदय कुमार यांनी पवईच्या त्याच केंद्रात संशोधन करताना देवनागरी र आणि रोमन आर यांचा मेळ घातला. शिरोरेघेच्या त्या चिन्हाला 15 जुलै 2010 रोजी केंद्र सरकारची मान्यता मिळाली. काही दिवसांतच मंगळुरूच्या एका कंपनीने ते एका विरामचिन्हाच्या कळीवर बसवून फॉन्ट वाटला. पुन्हा तीच जुनी युक्ती: फॉन्ट असेल तर रुपया, नसेल तर उलटा स्वल्पविराम. सुदैवाने ऑक्टोबर 2010 मध्येच युनिकोडने त्याला हक्काचा क्रमांक दिला. देवनागरीने ज्यासाठी दशक घालवले ते या एका चिन्हाला तीन महिन्यांत मिळाले.

दरम्यान ब्राउझर सुधारले. 2008 मध्ये सफारीने आणि 2009 मध्ये फायरफॉक्सने पानासोबत साधा फॉन्ट उतरवण्याची सोय दिली, यावेळी सर्वांना मान्य होईल अशा पद्धतीने. मग मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’सारखा सात वजनांचा, म्हणजे रेघेच्या सात जाडींचा, फॉन्ट फुकट उपलब्ध करून दिला, आणि पडद्यावरच्या मराठीला प्रथमच निवड करता आली.

म्हणूनच आज मी संकेतस्थळ बनवणाऱ्यांकडे आग्रह धरतो. पानाच्या संहितेत (कोडमध्ये) भाषा मराठी असल्याचे नोंदवा. कित्येक फॉन्टमध्ये हिंदी वळणाच्या ल-श सोबत मराठीचे, पाकळीचा ल आणि देठाचा श, हेही असतात. पण पान मराठी आहे हे ब्राउझरला कळल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत, आणि 2009 च्या शासन निर्णयाने मान्य केलेले आकार फाइलीत पडून राहतात. इंग्रजीच्या सवयीने ठेवलेले ओळींतले अंतर वाढवा. वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार, असा तीन मजल्यांचा पसारा तेवढ्यात मावत नाही. आणि मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमध्ये फट पाडू नका. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात, तिथे ते शोभते. आपल्याकडे शिरोरेघेचे तुकडे होतात आणि ‘महाराष्ट्र’ हा शब्द चार वेगळ्या अक्षरांसारखा वाचावा लागतो.