पोटातल्या कळा आणि पेनकिलरची भीती

"आधी सर्जन बघून जाऊ देत, मग इंजेक्शन देऊ, आत्ता दिलं तर नक्की काय झालंय ते कळणार नाही." पोट धरून कळवळणाऱ्या माणसाला कॅज्युअल्टीत हे अजूनही ऐकावं लागतं. आणि आपल्याला ते पटतंही, कारण दुखणं दाबलं की आजारही झाकला जाणार असं कुणालाही वाटेल. पण हे खरं नाही, आणि का नाही ते मला इतकं भारी वाटतं की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हा नियम जुना आहे. १९२१ मध्ये झॅकरी कोप या ब्रिटिश सर्जननी पोटाच्या तातडीच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात निदान होईपर्यंत मॉर्फिन (अफूपासूनचं जोरदार पेनकिलर) देऊ नका असं बजावलं होतं. तेव्हा सीटी नव्हता, सोनोग्राफी नव्हती, जे काही कळायचं ते हाताने पोट दाबून. त्यामुळे तेव्हाची भीती समजू शकते.

आता गंमत बघा. पोटाला वायरिंग दोन प्रकारचं असतं. आतड्यांचं वायरिंग ढोबळ. अपेंडिक्सच्या नसा मज्जारज्जूत साधारण त्याच पातळीला शिरतात जिथे बेंबीजवळच्या त्वचेच्या शिरतात, म्हणून मेंदूचा गोंधळ होतो आणि अपेंडिक्स सुजलं तरी सुरुवातीला दुखतं बेंबीपाशी. दुसरं वायरिंग पोटाच्या भिंतीच्या आतल्या अस्तराचं, म्हणजे पेरिटोनियमचं, ते एकदम नेमकं. सूज तिथवर पोचली की दुखणं सरकून उजवीकडे खाली येतं आणि माणूस एका बोटाने जागा दाखवतो. तिथे दाबलं की वरचा स्नायू आपोआप कडक होतो.

मॉर्फिन काम करतं ते मुख्यतः मज्जारज्जूत आणि मेंदूत. मज्जारज्जूत सी फायबर नावाच्या बारीक, संथ नसा संपतात, त्यांच्या टोकांवर म्यू रिसेप्टर (अफूवर्गीय औषधं चिकटतात त्या जागा) असतात, मॉर्फिन त्यांना चिकटलं की कॅल्शियमचे चॅनल बंद होतात, मग ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही दुखण्याचा निरोप पुढे नेणारी रसायनं कमी सुटतात, शिवाय पुढच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडून ती पेशी सहज पेटत नाही. म्हणजे आवाज कमी होतो, वायर तुटत नाही. वायर बंद करणारं औषध वेगळं, जागा बधिर करण्याचं. मॉर्फिनने सतत ठणकणारं, जीव नकोसा करणारं दुखणं बरंच उतरतं, पण दाबल्यावर येणारी तीक्ष्ण कळ, जी जलद ए-डेल्टा नसांतून येते, ती तितकी जात नाही. माणूस शांत पडलेला असतो आणि सुजलेल्या जागी हात ठेवला की तरीही दचकतो!

उलट दुखण्याने आणि भीतीने माणूस सगळंच पोट आवळून धरतो, हात लावू देत नाही, मग डॉक्टरना कळणार काय? दुखणं उतरलं की ते आवळणं सुटतं आणि खरोखर कडक असलेला भाग तेवढा उरतो.

हे तपासूनही झालंय. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये १०० पेशंटवर चाचणी झाली, काहींना अफूवर्गीय औषध, काहींना नुसतं सलाईन. २०११ च्या कोक्रेन रिव्ह्यूत (आधी झालेल्या चाचण्या गोळा करून तपासणारा अहवाल) अशा ८ चाचण्या एकत्र पाहिल्या. पोट दाबल्यावर दिसणाऱ्या खुणा थोड्या बदलू शकतात, पण चुकीचं निदान किंवा चुकीचे निर्णय वाढल्याचं दिसलं नाही.

अर्थात मॉर्फिन म्हणजे गोळी-बिस्किट नाही. बीपी उतरू शकतं, श्वास मंदावू शकतो, म्हणून शिरेतून थोडं थोडं देतात आणि लक्ष ठेवतात, गरज पडलीच तर नॅलोक्सोन हा उतारा असतो. आणि हे सगळं हॉस्पिटलमधलं बरं का, घरी गोळ्यांवर गोळ्या घेऊन दोन दिवस काढणं ही वेगळी आणि धोक्याची गोष्ट. 'पोट साफ झालं की सगळं बरं होतं' म्हणून जुलाबाचं औषध देणं किंवा पोट जोरात चोळणं तर त्याहून वाईट, सुजलेलं अपेंडिक्स त्याने फुटू शकतं.

इंजेक्शननंतर थोड्या वेळाने डॉक्टर पुन्हा येऊन पोट दाबतात. तोवर पेशंट नीट श्वास घेत असतो, कधीपासून दुखतंय, आधी कुठे होतं, उलटी कधी झाली हे धड सांगू शकतो, आणि निदानाचा मोठा भाग या उत्तरांतूनच येतो.